लाइमचा चट्टा गेला, थकवा राहिला; आणखी अँटिबायोटिक घ्यावे का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची असून बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते. गेल्या जूनमध्ये परसातले तण काढल्यानंतर आठवड्याभरात गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा लाल चट्टा उठला. इथल्या डॉक्टरांनी तो पाहताच लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा जिवाणूचा आजार, असल्याचे सांगितले आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स दिला. चट्टा गेला, तापही गेला; पण सप्टेंबरपासून अंगात त्राण नाही. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखे वाटत नाही, कधी गुडघे, कधी मनगटे, कधी खांदे दुखतात, आणि ऑफिसात बोलता बोलता साधा शब्द सुचत नाही. माझ्या नेहमीच्या डॉक्टर म्हणतात की आता अँटिबायोटिकची गरज नाही. एका खाजगी क्लिनिकने मात्र पुन्हा रक्त तपासले, 'आयजीएम पॉझिटिव्ह' असल्याचे सांगितले, आणि दंडाच्या शिरेत नळी बसवून सहा महिने सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक व त्यानंतर तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र, असा उपचार सुचवला आहे. विमा कंपनी याचे पैसे देणार नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो, "ताई, सरळ इकडे ये, इंजेक्शने इथे स्वस्तात होतील." यजमानांच्या मते हे सगळे मनाचे खेळ आहेत. या चिवट लाइमवर खरोखर लागू पडणारे अँटिबायोटिक कोणते? माझ्यामुळे मुलांना हा आजार होईल का? जाता जाता सांगते, रक्त वाढावे म्हणून मी लोहाच्या गोळ्या घेते, आणि डॉक्सिसायक्लिन उष्ण पडू नये म्हणून दुधाबरोबर घेत होते.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. लाइमचा योग्य मुदतीचा कोर्स पूर्ण झाल्यानंतर जो थकवा, जी अंगदुखी आणि जो विसराळूपणा मागे उरतो, त्यावर लागू पडते असे सिद्ध झालेले एकही अँटिबायोटिक आज उपलब्ध नाही, मग ते तोंडाने घ्या, शिरेतून घ्या, एकटे घ्या वा तिघे मिळून घ्या. त्यामुळे आज तुमच्याकडे जी माहिती आहे तिच्या आधारावर दंडात नळी बसवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुम्हाला काही झालेलेच नाही किंवा करण्यासारखे काही उरलेले नाही, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. मी तुम्हाला तपासलेले नाही, तुमचे अहवालही पाहिलेले नाहीत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून बोलण्यासाठी आहे, परस्पर अमलात आणण्यासाठी नाही.

या आजारात रुग्ण डॉक्टरांवर सहजासहजी विश्वास का ठेवत नाहीत, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७५च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांत अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. मुलांना संधिवात आहे, असे प्रत्येक डॉक्टर सुटे सुटे सांगत होता. पण एकाच परिसरात, कधी कधी एकाच रस्त्यावर, इतकी मुले एकदम कशी आजारी पडतात हा प्रश्न लावून धरला तो पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांनी. त्यांच्या पाठपुराव्यामुळे येल विद्यापीठातले अ‍ॅलन स्टीअर तपासाला लागले, १९७७मध्ये 'लाइम संधिवात' या नावाने आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि १९८२मध्ये विली बुर्गडॉर्फर व सहकाऱ्यांनी गोचिडीच्या पोटातला मळसूत्रासारखा जिवाणू जगापुढे आणला. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे त्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. म्हणजे या आजाराचा इतिहासच मुळी रुग्णांच्या घरातून सुरू होतो. त्या आयांचे ऐकून घेतले गेले नसते तर आणखी काही वर्षे वाया गेली असती, ही गोष्ट लाइमच्या रुग्णांमध्ये पक्की रुजलेली आहे आणि ती खोटी नाही. अडचण पुढे येते. "डॉक्टर तेव्हा चुकले होते, म्हणून आत्ताही चुकतच असतील" असे गृहीत धरून जो उपचार विकला जातो, तो बरोबर ठरायला मात्र वेगळा पुरावा लागतो.

तो पुरावा शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे, आणि प्रामाणिकपणे झालेला आहे. २००१मध्ये क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी १२९ रुग्ण घेतले. या सर्वांना लाइम झाल्याची नोंद होती, सर्वांचा आधी उपचार झाला होता, आणि तरीही तुमच्यासारखीच लक्षणे महिनोन्‌महिने टिकून होती. त्यातल्या निम्म्यांना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रायाक्सोन आणि त्यानंतर ६० दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळाल्या. उरलेल्यांना तेवढेच दिवस, तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या सलाइनच्या पिशव्या आणि गोळ्या मिळाल्या. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. ज्यांच्या रक्तात लाइमच्या अँटिबॉडी, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, होत्या, त्या गटात खरे औषध घेतलेल्यांपैकी ३७ टक्के सुधारले. नुसते सलाइन घेतलेल्यांपैकी ४० टक्के सुधारले. प्रकृती बिघडलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ३४ टक्के, अगदी सारखे. रक्तात अँटिबॉडी नसलेल्या गटातही औषधाचा असा काही वरचढपणा दिसला नाही.

यानंतर २००३मध्ये क्रुप यांच्या अभ्यासात २८ दिवसांच्या सेफ्ट्रायाक्सोनने थकव्यात फरक दिसला, विचारशक्तीत दिसला नाही. हा थकव्यातला फरक दीर्घ उपचाराचे समर्थक नेहमी पुढे करतात. पण त्या अभ्यासात कोणाला खरे औषध मिळते आहे याचा अंदाज बऱ्याच रुग्णांना आला होता, आणि नळीमुळे रक्तात जंतुसंसर्ग होऊन काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते, या दोन बाबी त्याच निबंधात आहेत आणि त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. २००८मध्ये फॅलन यांनी १० आठवडे शिरेतून औषध देऊन पाहिले. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत १२व्या आठवड्याला सुधारणा दिसली, २४व्या आठवड्याला ती टिकलेली नव्हती. २०१६मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात २८० रुग्ण होते. सर्वांना आधी दोन आठवडे सेफ्ट्रायाक्सोन, आणि पुढे १२ आठवडे एका गटाला डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोडी, तिसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या. तिन्ही गट थोडे थोडे सुधारले आणि सारखेच सुधारले. एकाऐवजी दोन-तीन औषधे एकत्र दिली तर चिवट जिवाणू मरतील, हा तुमच्या क्लिनिकचा युक्तिवाद या अभ्यासानंतर फार लंगडा पडतो.

तरीही "मी स्वतः बरी झाले" असे सांगणारी माणसे तुम्हाला भेटतील, आणि ती खोटे बोलत नसतात. वरचा ४० टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. नुसत्या सलाइनवर दहातले चार जण सुधारले, कारण हा आजार बहुतेकांच्या बाबतीत काळाबरोबर ओसरतो, कारण नियमितपणे कोणीतरी आपली दखल घेते आहे याचाही शरीरावर परिणाम होतो. शिवाय खरे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत, डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधात जिवाणू मारण्याव्यतिरिक्त दाह कमी करण्याचाही थोडा गुण आहे, त्यामुळे ते चालू असेपर्यंत सांध्यांना बरे वाटू शकते. मला याहून अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. लाइमच्या उपचाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत काही रुग्णांना थंडी वाजून लक्षणे तात्पुरती वाढतात; मरणाऱ्या जिवाणूंना शरीर देत असलेला तो प्रतिसाद असतो आणि तो वैद्यकशास्त्राला मान्य आहे. पण काही क्लिनिकांत चौथ्या महिन्यातल्या जुलाबांना, मळमळीला आणि पुरळालाही हेच कारण लावले जाते. बरे वाटले तर औषध लागू पडले, त्रास वाढला तर जिवाणू मरत आहेत! ज्या उपचारात "हे चालत नाही, थांबवूया" असे म्हणण्याची वेळ कधीच येत नाही, त्याच्यापासून दूर राहिलेले बरे. तुम्ही त्या क्लिनिकला एवढाच प्रश्न विचारा की काय घडले तर तुम्ही हा उपचार बंद कराल, आणि किती आठवड्यांनी? उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.

आता त्या नळीविषयी. दंडाच्या शिरेतून सरकवलेली ही बारीक नळी हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचते. ती महिनोन्‌महिने ठेवायची म्हणजे आंघोळीला हात गुंडाळायचा, दर आठवड्याला पट्टी बदलायची, आणि त्वचेवरच्या जंतूंना थेट रक्तात जायला एक दार कायम उघडे ठेवायचे. त्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. दीर्घकाळ अँटिबायोटिक घेतल्याने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजून असे जुलाब लागतात की रुग्णालय गाठावे लागते. जुनाट लाइम म्हणून केलेल्या उपचारांत जीवघेणा जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची हकीकत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१७मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत मृत्यूही झाला. सेफ्ट्रायाक्सोनची आणखी एक खोड अशी की ते पित्तात साकळते आणि पित्ताशयात खडे धरतात. योगायोग पाहा, याची ठळक नोंद तुमच्याच न्यू जर्सीतली आहे. १९९० ते १९९२ या काळात लाइमच्या संशयावरून हे इंजेक्शन दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांना पित्ताशयाचा त्रास झाला, काहींची पित्ताशये काढावी लागली, आणि त्यातल्या अनेकांना लाइम झाल्याचा पुरावाच धड नव्हता.

रक्त तपासणीतल्या 'आयजीएम पॉझिटिव्ह'ने तुम्ही घाबरला आहात, ते स्वाभाविक आहे. आयजीएम ही संसर्गानंतर लवकर तयार होणारी अँटिबॉडी; आयजीजी ही सावकाश तयार होणारी आणि टिकणारी. लाइमच्या बाबतीत आयजीएमचा निकाल पहिल्या ३० दिवसांपुरताच ग्राह्य धरतात, कारण त्यानंतर खरा संसर्ग असेल तर आयजीजी दिसायलाच हवी. आयजीएमच्या चाचणीत तीनपैकी दोन पट्टे उमटले की निकाल पॉझिटिव्ह ठरतो, आणि त्यातला ४१ क्रमांकाचा पट्टा इतर अनेक निरुपद्रवी जिवाणूंमुळेही निरोगी माणसात उमटतो. आयजीजीच्या चाचणीला दहापैकी पाच पट्टे लागतात. महत्त्वाचे असे की या अँटिबॉडी पूर्ण बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे राहू शकतात, त्यामुळे आजार अजून अंगात आहे की गेला, हे या चाचण्यांवरून सांगताच येत नाही. तुमच्या बाबतीत तर निदान चट्ट्यावरूनच पक्के झाले होते. तेव्हा पुन्हा पुन्हा लाइमचे रक्त तपासून हाती संभ्रमच येईल.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेले वाक्य मात्र मला सगळ्यात कामाचे वाटले. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घेतले की ते थोडे कमी शोषले जाते. लोहाच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर घेतले तर बरेच कमी, कारण लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या औषधाला पोटातच धरून ठेवतात. औषध उष्ण पडते म्हणून वर पेलाभर दूध घेण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे आणि इतर अनेक औषधांना ती चालतेही, पण हे औषध जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे आणि लगेच आडवे व्हायचे नाही, लोहाच्या गोळीत आणि त्यात काही तासांचे अंतर ठेवायचे, असा नियम आहे. आता "चट्टा गेला म्हणजे औषध लागू पडले" असेही ठामपणे म्हणता येत नाही, कारण हा चट्टा औषधाशिवायही काही आठवड्यांत आपोआप विरतो. म्हणून लोहाची गोळी तुम्ही नेमकी कधी घेत होतात, डॉक्सिसायक्लिनच्याच वेळी की वेगळ्या वेळी, हे आठवून आपल्या डॉक्टरांना सांगा. पहिला कोर्स अंगी लागला नसावा असे त्यांना वाटले, तर एकदाच, ठरावीक मुदतीचा, नीट घेतलेला दुसरा कोर्स द्यावा का, हा रास्त प्रश्न आहे. ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना अशा परिस्थितीत दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या अँटिबायोटिकच्या कोर्सचा विचार करायला मोकळीक देतात आणि त्यापुढे मात्र थांबायला सांगतात. अमेरिकेच्या २०२०च्या सूचना याहून कडक आहेत आणि संसर्ग चालू असल्याचा ठोस पुरावा असल्याशिवाय पुन्हा औषध देऊ नका म्हणतात. दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या आणि सहा महिन्यांची शिरेतली नळी, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे लक्षात असू द्या.

पुन्हा अँटिबायोटिक खरोखर लागते अशा काही स्थिती आहेत, आणि त्या तुमच्या बाबतीत कोणीतरी हाताने तपासून बाजूला काढल्या पाहिजेत. पहिली स्थिती म्हणजे सांधा नुसता दुखत नसून सुजला असणे. लाइमच्या संधिवातात बहुधा गुडघा टम्म फुगतो, त्यात पाणी भरते, आणि त्या मानाने दुखतो कमी. तसे असेल तर २८ दिवसांचा तोंडी कोर्स देतात, अगदीच फरक पडला नाही तर दोन ते चार आठवडे शिरेतून सेफ्ट्रायाक्सोन देतात. इतके करूनही काही जणांची सूज राहतेच, आणि तेव्हा हाडांचे व संधिवाताचे तज्ज्ञ अँटिबायोटिक थांबवून मेथोट्रेक्सेटसारखी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे देतात आणि त्यांनी गुडघा उतरतो. जिवाणू गेल्यानंतरही दाह मागे राहू शकतो, याचे याहून डोळ्यांना दिसणारे उदाहरण मला ठाऊक नाही. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, घेरी येणे, छातीत धडधडून नाडी मंद पडणे यांपैकी काही झाले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता इमर्जन्सीत जावे, कारण लाइम मज्जातंतूंवर आणि हृदयाच्या विद्युत वहनावरही उतरू शकतो.

दुसरी स्थिती बाबेसियाची. तुमच्या भागात लाइम पसरवणारी काळ्या पायांची गोचीड त्याच चाव्यातून हा परजीवीही सोडू शकते. तो मलेरियासारखा तांबड्या रक्तपेशींत शिरतो, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होत नाही; त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी लागते. रात्री घामाने उशी भिजणे, थंडी वाजून ताप येणे, हिमोग्लोबिन विनाकारण उतरणे ही त्याची लक्षणे. तुम्ही लोहाच्या गोळ्या घेता म्हणून मुद्दाम विचारतो: रक्त कमी का आहे, याचे कारण कोणी शोधले आहे का? ते पाळीच्या रक्तस्रावामुळे असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, पण रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन बाबेसिया पाहणे अवघड नाही. तिसरी स्थिती नव्याने झालेल्या संसर्गाची. लाइम एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. नवा चट्टा उठला तर तो नवा आजार समजून नवा कोर्स घ्यायचा.

यापलीकडे, दमलेल्या ४३ वर्षांच्या बाईला लाइमशिवाय दुसरे काही होऊच शकत नाही असे कोणी ठरवून टाकले असेल, तर तो तुमच्यावर अन्याय आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, संधिवाताच्या चाचण्या, आणि तुम्ही घोरत असाल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी, एवढे झाले आहे का ते पाहा. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ची कमतरता आपल्या लोकांत सर्रास आढळते, आणि शब्द न सुचणे, हातापायांना मुंग्या, थकवा हे सगळे तिच्यामुळेही होते. हे सांगताना लाइम झालाच नव्हता असे मी सुचवत नाही. लाइम होऊन गेलेल्या बाईचे बी-१२ कमी असू शकते, इतकेच.

हे सर्व तपासून काही निघाले नाही, तर जे उरते त्याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. योग्य उपचार झालेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांना तो गाठतो, असा सीडीसीचा अंदाज आहे. जिवाणूच्या आवरणाचे न विरघळलेले अंश सांध्यात राहून प्रतिकारशक्तीला चिथावत असावेत, असे पुरावे २०१९मध्ये सांध्यांतल्या द्रवाच्या अभ्यासातून पुढे आले. मज्जासंस्था वेदनेबाबत अतिसंवेदनशील होत असावी, हाही एक विचार आहे. तुमच्या यजमानांना मी २००६च्या चिकनगुनियाची आठवण करून देईन. त्या साथीत महाराष्ट्रात गावेच्या गावे अंथरुणाला खिळली होती, आणि ताप उतरल्यावर, विषाणू रक्तातून गेल्यावरही, धडधाकट माणसे कित्येक महिने भिंतीचा आधार घेत उठत होती. त्यांना कोणी "मनाचे खेळ" म्हटले नाही, आणि विषाणू मारण्याची औषधे महिनोन्‌महिने दिलीही नाहीत. त्यांच्या घरच्यांनी जो धीर धरला तो यजमानांनीही धरावा. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या; अर्धे काम तिथेच होईल.

करायचे काय, ते असे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सोडू नका. त्यांच्याकडूनच संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञाची एक भेट मागा आणि वर लिहिलेल्या शंका कागदावर लिहून न्या. वेदना आणि झोप यांवर स्वतंत्र उपचार मागा. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या मूळच्या नैराश्यावरच्या असतात, पण मज्जातंतूंच्या वेदनेवरही त्या काम करतात, म्हणून नाव वाचून बिचकू नका. व्यायाम झेपेल तेवढ्यापासून सुरू करा, आणि एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून साऱ्या घराची साफसफाई काढू नका, कारण या आजारात त्याची किंमत पुढचे दोन-तीन दिवस मोजावी लागते. ऑफिसात डॉक्टरांच्या पत्राच्या आधारे कामाच्या वेळांत सवलत मागता येते, ती संकोच न करता मागा. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते आणि तिच्यात चढउतार असतात. पण बहुतेक जण सुधारतात.

भावाची माया मी समजू शकतो, तरी पुण्याला जाऊन इंजेक्शने घेण्याचा बेत सोडून द्यावा. लाइम आपल्याकडे क्वचित आढळतो, त्यामुळे तिथल्या चांगल्या डॉक्टरांनाही त्याचा हाताळून झालेला अनुभव बेताचाच असतो. कोकणात आणि गोव्यात गोचीड चावून होणारा आजार म्हटला की दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी इथला माकडताप आठवतो, पण तो विषाणूचा आजार, त्याचा आणि याचा संबंध नाही. सेफ्ट्रायाक्सोन भारतात २०१४पासून 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते देणे बेकायदा आहे आणि दुकानदाराने त्याची नोंद ठेवायची असते. ओळखीने मिळते, हे मलाही ठाऊक आहे. पण महिनाभर तिथे इंजेक्शने घेऊन नळीसह परत आलात आणि इथे ताप भरला, तर तुमची जबाबदारी कोणता डॉक्टर घेणार? पुण्याला जरूर जा, आईच्या हातचे खा, विश्रांती घ्या. उपचार मात्र जिथे पुढची दोन वर्षे कोणी तुमच्यावर लक्ष ठेवणार आहे तिथेच होऊ द्या.

'चिवट जिवाणू' ही कल्पना निव्वळ थाप आहे का, असे तुम्ही विचाराल. नाही. परीक्षानळीत डॉक्सिसायक्लिनला न जुमानणारे बोरेलिया दिसले आहेत, आणि उपचार केलेल्या प्राण्यांत जिवाणूंचे अवशेष सापडले आहेत. २०२१मध्ये हायग्रोमायसिन ए आणि २०२५मध्ये अगदी कमी मात्रेतले पिपरॅसिलिन यांनी उंदरांतला लाइम बरा झाल्याचे निबंध आले. पण हे उंदरांतले ताजे संसर्ग होते, आणि माणसाचा महिनोन्‌महिन्यांचा थकवा त्यांनी जाईल असे ते संशोधकही म्हणत नाहीत. माणसांवरच्या चाचण्यांत भाग घ्यायचा असेल तर विद्यापीठाच्या रुग्णालयातून घ्या. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, ही खूण लक्षात ठेवा.

शेवटी मुलांविषयी. लाइम एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवल्याने, जवळ झोपल्याने, कपड्यांतून, कशानेच नाही. मुलांना धोका आहे तो तुमच्या परसातल्या त्याच गोचिडीपासून. मे ते जुलै या काळात तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात, आणि काखेत, जांघेत, कानामागे, केसांत व गुडघ्याच्या मागे चिकटतात. जिवाणू अंगात उतरायला गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक वेळ चिकटून राहावी लागते, म्हणून मुले बाहेरून आली की रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी या जागा पाहाव्यात आणि कपडे थेट ड्रायरमध्ये कडक तापवून घ्यावेत. चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल, जळती काडी असले काही न लावता बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. गोचीड रक्त पिऊन फुगलेली असेल, तर ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा, मोठ्यांना २०० मिलिग्रॅम आणि मुलांना वजनानुसार, त्या वेळी पुरेशी ठरू शकते.